पन्हळ कुणाच्या वाट्याची?

वाई, सासवड, भोर, फलटण यांसारख्या जुन्या गावांच्या पेठांतून आजही वाडे दिसतात. काही उभे आहेत, काही अर्धे पडले आहेत, काहींचा नुसता दिंडी दरवाजा उरला आहे आणि मागे एरंड माजले आहेत. या पडझडीचे एक कारण सगळ्यांना पाठ असते: एकत्र कुटुंब मोडले, म्हणून वाडा मोडला. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून खचणारा वाडा आणि खचणारे घराणे ही जोडी मराठी मनात अधिकच पक्की झाली. नाटकात ती शोभते. इतिहासात मात्र ती पुरी पडत नाही, कारण तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. वाडा म्हणजे कायम एकत्र राहणाऱ्यांचे घर आणि वाटणी म्हणजे त्याच्यावर बाहेरून आलेले संकट, असे ते गृहीत. वाड्याची बांधणी, वाटणीचा कायदा आणि भिंतींवरच्या खुणा एकत्र ठेवून पाहिल्या तर चित्र उलटे निघते. भावाभावांतली वाटणी वाड्याला ठाऊक होती आणि ती त्याने अनेकदा पचवली. त्याला संपवले ते वाटता न आलेल्या चार-दोन गोष्टींनी: पन्हळ, चौक, सामाईक भिंत, जिना.

आधी बांधणी पाहू. देशावरच्या वाड्याचा चौथरा काळ्या दगडाचा, बाहेरच्या भिंती जाड, खाली दगडी आणि वर विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या. आतला भार मात्र बव्हंशी लाकडी सांगाड्यावर असतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि पाट, त्यावर माती घोटून वरच्या माडीची जमीन. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि घर मोजायचे ते खणांनी. मुख्य चौकाभोवती ओसरी किंवा सोपा, त्यामागे माजघर, स्वयंपाकघर, देवघर, कोठी, एखादी अंधारी बाळंतिणीची खोली, असे सगळे या खणांच्या पटीत बसवलेले असते. या पद्धतीचा एक परिणाम वास्तुकलेच्या पुस्तकांत फारसा सांगितला जात नाही. आतला भार खांब पेलत असल्यामुळे दोन खांबांमधली भिंत पुष्कळदा केवळ आडोसा असते. ती काढली तरी माडी उभी राहते, आणि नसेल तिथे घातली तरी सांगाड्याला धक्का लागत नाही. तुळईखाली फळ्यांचा पडदा किंवा एकेरी विटांची भिंत उभी केली की चार खणांच्या सोप्याचे दोन-दोन खणांचे दोन सोपे होतात. सुतार आणि गवंडी यांना हे काम चार दिवसांचे. म्हणजे ज्या मापाने घर बांधले त्याच मापाने ते वाटता येते, आणि वाटणीपत्रांत ‘पूर्वेकडील तीन खण माडीसह’ अशा भाषेत हिस्से लिहिले जातात ते त्यामुळेच. बांधणाऱ्यांनी वाटणी डोळ्यांसमोर ठेवून ही पद्धत काढली, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. लाकडाच्या लांबीची मर्यादा हे खणाच्या मापाचे साधे कारण आहे. पण घर बांधवून घेणारा यजमान ज्या कायद्याखाली जगत होता, त्या कायद्याला हे घर फार सोयीचे होते, एवढे निश्चित.

तो कायदा म्हणजे मिताक्षरा. अकराव्या-बाराव्या शतकांच्या सांध्यावर, कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबांचे दायभाग, म्हणजे वारशाचे आणि वाटणीचे प्रश्न, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्यतः तिच्या आधाराने सुटत आले. गुजरात, मुंबई आणि उत्तर कोकण या पट्ट्यात नीलकंठ भट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’ला मान होता. मिताक्षरेचा गाभा असा, की वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो. आता ज्याला जन्मतः हक्क आहे, त्याला कधी ना कधी तो वेगळा करून मागण्याचाही हक्क आला. काही अपवाद आहेत, पण मुळातली कल्पना ही: कुटुंब एकत्र असणे ही सुरुवातीची अवस्था, आणि विभक्त होणे ही त्याच नियमांनी घडणारी पुढची अवस्था. धर्मशास्त्रकारांनी वाटणीवर जेवढी शाई खर्च केली तेवढी एकत्र राहण्याच्या गोडव्यावर केलेली नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ‘धर्मकोश’ काढायला घेतला तेव्हा पहिले कांड निघाले ते व्यवहाराचे, आणि त्यात दायभागाची वचने रकानेच्या रकाने भरलेली आहेत. ज्या गावात वाड्यांच्या वाटण्या पिढ्यान्‌पिढ्या चालू होत्या, त्याच गावात हे काम झाले, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

यावर कुणी म्हणेल की कायदा काहीही सांगो, प्रत्यक्षात माणसे एकत्रच राहत होती. याला समाजशास्त्राच्या अभ्यासातून उत्तर मिळते. ए. एम. शहा यांनी गुजरातेतल्या राधवाणज या गावाची १८२५ सालची घरवार नोंद तपासली, तेव्हा लहान कुटुंबेच संख्येने जास्त आढळली. ‘पूर्वी सगळे एकत्र, आता सगळे विभक्त’ ही सरळ उतरण कागदावर सापडत नाही. सापडते ते एक चक्र: भाऊ एकत्र, मग वेगळे, मग प्रत्येकाची मुले मोठी होऊन लग्ने झाली की पुन्हा छोटी छोटी एकत्र कुटुंबे, मग तीही वेगळी. एक गाव म्हणजे सारा पश्चिम भारत नव्हे, आणि गुजरातेतले गाव म्हणजे वाई नव्हे. पण ज्यांच्याकडे मोठी मिळकत त्यांच्याकडे एकत्र कुटुंब जास्त टिकते, हेही या अभ्यासांतून दिसते, आणि वाडा हे तर मिळकतीचेच घर. म्हणजे वाड्यात हे चक्र जरा सावकाश फिरले, इतकेच.

इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली तिच्यात चार गोष्टी एकत्र येतात: एक छप्पर, एक चूल, सामाईक मिळकत आणि सामाईक देवकार्य. व्याख्येत या चारही शेजारी शेजारी बसल्या असल्या, तरी मोडताना त्या एकदम मोडत नाहीत, आणि वाड्याच्या भिंती वाचण्याची किल्ली तिथेच आहे. सर्वांत आधी चूल वेगळी होते. ज्या सोप्यात किंवा कोठीत मुळात चूल असण्याचे कारण नाही तिथे कडीपाट काजळलेला असेल, भिंतीला धुराडे पाडलेले असेल, कोपऱ्यात नंतर बांधलेली मोरी असेल, तर तिथे दुसरे बिऱ्हाड सुरू झाले असे खुशाल समजावे. न्यायालयांना मात्र एवढे पुरत नाही. नुसती चूल वेगळी झाली म्हणजे मिळकत विभक्त झाली असे होत नाही, हे आपल्याकडच्या निकालांतून वारंवार सांगितले गेले आहे, आणि ते खरेही आहे: दोन सुनांचे पटले नाही म्हणून चुली दोन, पण शेताचा धान्यसाठा एकच, अशी अवस्था वर्षानुवर्षे चाले. मिळकत वेगळी झाल्याच्या खुणा वेगळ्या. दोन खांबांमध्ये कडीपाटाच्या खालच्या अंगाला टेकवलेली भिंत, जिच्यामुळे नक्षीची महिरप मध्येच कापली गेली आहे. रस्त्याच्या बाजूला खिडकी तोडून पाडलेले नवे दार. चौकातून चढणारा दुसरा, उभा, अरुंद जिना. या बदलांचे वयही अदमासाने सांगता येते. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला. तेव्हा ज्या पाख्यावर मंगळुरी कौले आहेत त्याचे छप्पर त्यानंतर केव्हातरी बदलले आहे. शेजारच्या पाख्यावर हाताने थापलेली जुनी नळीची कौले राहिली असतील, तर दोन पाख्यांचे मालक वेगळे आणि त्यांची ऐपतही वेगळी, हे रस्त्यावरून कळते. तसेच शहाबादी फरशीचे, सिमेंटच्या गिलाव्याचे, पत्र्याचे. घराण्याच्या वंशावळीत जे लिहीत नाहीत ते इथे लिहिलेले असते.

हे वाचताना एक सावधगिरी हवी. वाड्याची मूळ मांडणी हीदेखील समतेची नव्हती, आणि वाटणीपूर्वीचा वाडा म्हणजे सुखाचे आगर असे समजून चालणे खोटे ठरेल. देवडीपर्यंत कोण येणार, ओसरीवर कोण बसणार, माजघराचा उंबरठा कोण ओलांडणार, हे जातीने आणि लिंगाने ठरलेले होते. पुढचा चौक पुरुषांचा आणि व्यवहाराचा, मागचा चौक बायकांचा आणि कामाचा. ज्या वडारांनी दगड फोडला, ज्या सुतारांनी सुरूच्या आकाराचे खांब घडवले आणि त्यांच्या माथ्यावर केळफुले कोरली, त्यांच्यापैकी बहुतेकांना काम संपल्यावर पुढच्या चौकापलीकडे प्रवेश नव्हता. विधवेचा हक्क मिळकतीत नव्हता, अन्नवस्त्रात आणि राहण्यात होता; १९३७ च्या कायद्याने तिला पतीच्या हिश्श्यात मर्यादित हक्क मिळाला. त्यापूर्वी वाटणी झाली की तिच्या वाट्याला एखादी खोली ‘तहहयात राहण्यासाठी’ येई. मागच्या चौकातली, जिन्याखालची, परसाकडे तोंड असलेली ती खोली अनेक वाड्यांत दाखवता येते. तिच्या मृत्यूनंतर ती खोली कुणाची यावरून पुढे दावे होत.

आता मुख्य मुद्दा. चूल वाटली, खण वाटले, माड्या वाटल्या. मग उरले काय? मनुस्मृतीत आणि पुढे मिताक्षरेत अविभाज्य वस्तूंची एक यादी आहे. तिच्यात वस्त्रे, दागिने, शिजवलेले अन्न अशा वस्तूंबरोबर पाणी आणि येण्याजाण्याची वाट यांचाही उल्लेख येतो. विज्ञानेश्वराने पाण्याचा अर्थ विहीर असा घेतला आणि तिचा भाव करून हिस्से पाडू नयेत, पाळीपाळीने वापर करावा असे सांगितले. हे अत्यंत व्यवहारी शहाणपण आहे आणि आजच्या वाटणीपत्रांपर्यंत ते जसेच्या तसे पोचले आहे. आड, चौक, दिंडी दरवाजा, बोळ, शौचकूप, जिना ‘सामाईक’, असे एक कलम शेवटी येते, आणि त्यापुढे फार तर ‘दुरुस्ती हिश्श्याप्रमाणे’ इतके. वापराचा प्रश्न त्याने सुटतो, कारण वापर रोजचा आहे आणि अडवणूक झाली की लगेच भांडण होते. दुरुस्तीचा प्रश्न तसा नाही. ती पुढे ढकलता येते.

वाड्याच्या छपराचा आकार लक्षात घेतला की यातला धोका कळतो. चौकाच्या चारही बाजूंची पाखी आत उतरतात. दोन पाखी जिथे काटकोनात मिळतात तिथे कोनवासा असतो आणि त्या खोलगट घडीतून, पन्हळीतून, दोन्ही पाख्यांचे पाणी एकवटून खाली येते. छपरावरची सर्वांत जास्त पाणी वाहणारी जागा ही, आणि वाटणीची रेघही नेमकी तिथेच पडते: पूर्वेची बाजू थोरल्याची, दक्षिणेची धाकट्याची, पन्हळ दोघांच्या मध्ये. पूर्वी पावसाआधी कौले चाळायची, फुटकी बदलायची, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, हे काम कर्त्या पुरुषाच्या हुकमाने एका झटक्यात व्हायचे. वाटणीनंतर प्रत्येकजण आपले पाखे चाळतो आणि पन्हळीपाशी थांबतो. तिथे गळती सुरू झाली की पाणी उतरते ते खांबाच्या माथ्यावर, जिथे दोन तुळया एकत्र टेकलेल्या असतात. तुळईचे टोक भिंतीत गाडलेले असेल तर ते वाळत नाही, कुजते आणि वाळवीला आयतेच होते. पांढऱ्या मातीची भिंत वरून झाकलेली असेपर्यंत शतकभर टिकते. तिच्या डोक्यावर पाणी मुरू लागले की ती आतून विरघळते. शेवटी एक बाजू बसते. मग मधली सामाईक भिंत, जी पूर्वी घराच्या आत होती, पहिल्यांदाच उघड्या पावसात येते, आणि आतली म्हणून तिला कधी गिलावाच नीट केलेला नसतो. दुसऱ्या भावाचे घर त्यानंतर दोन-चार पावसाळ्यांचे सोबती. गावात लोक म्हणतात, एकाने पाडले म्हणून दुसऱ्याचे पडले. त्यांना कारण बरोबर कळलेले असते.

सामाईक गोष्ट टिकवणे मराठी कुटुंबांना जमतच नव्हते काय? जमत होते, आणि त्याचा पुरावा त्याच वाड्यात आहे. मिळकत वाटली तरी देव पुष्कळदा वाटले जात नाहीत. कुलदेवतेचे टाक एका घरी राहतात किंवा वर्षाच्या पाळीने फिरतात. गणपती, नवरात्र, बोडण, कुळाचार पाळीने होतात. अर्धा वाडा पडला तरी देवघराचा खण शाकारलेला, सारवलेला, पुण्या-मुंबईहून माणसे सणाला येऊन दिवा लावून जातात, हे दृश्य कोकणात आणि देशावरही नेहमीचे. याचे कारण भक्ती, असे म्हणून मोकळे होता येईल. पण विहिरीच्या पाळीत आणि देवाच्या पाळीत एक फरक आहे. विहिरीच्या पाळीत मिळते ते पाणी. देवाच्या पाळीत मिळतो तो मान, आणि त्याच्यासोबत त्या वर्षीचा सगळा खर्च व सगळी जबाबदारी एकाच घराच्या गळ्यात पडते. कुणी करायचे हे ठरलेले असते आणि न केले तर भावकीत नाव जाते. पन्हळीची पाळी कुणी लावली नाही. लावली असती तर तीही कदाचित वाहती राहिली असती.

या मांडणीवर पहिला मोठा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो हलका नाही. वाड्यांचे उत्पन्न वतनाचे, इनामाचे, जमिनीच्या खंडाचे होते. १८५२ च्या इनाम कमिशनपासून त्याला गळती लागली; १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ मे १९५१ पासून कुलकर्णी वतने संपुष्टात आल्याने ते जवळजवळ आटले. ज्याला खंड येत नाही तो वाडा कशाने शाकारणार? दहा चौकांच्या वाड्याबाबत हा आक्षेप मला मान्य आहे. तेवढे छप्पर सांभाळायला सरदारकीच लागते. पण तालुक्याच्या गावातला सामान्य वाडा एक-दोन चौकांचा असतो, आणि त्याच्या वारसांतले काही शिक्षक, वकील, कारकून होऊन पगारावर आलेले असतात. पन्हळीतला पाला काढायला आणि पंचवीस कौले बदलायला इनाम लागत नाही. त्या कामाला लागतो तो पैसा आधी कुणी काढायचा याचा निर्णय. उत्पन्न गेले म्हणून मोठे वाडे लवकर पडले हे खरे. लहान वाडे का पडले हे त्याने कळत नाही.

दुसरा आक्षेप भाडेकरूंचा. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जिथे तो लागू झाला तिथे भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि मालकाला दुरुस्तीत रस राहिला नाही. हे खरे आहे, पुण्यात तर फारच खरे. पण भाडेकरूसुद्धा वाड्यात आला तो खणांच्याच हिशोबाने: कुणाला दोन खण, कुणाला माडीची एक खोली. प्रत्येक भावाने आपल्या हिश्श्यात बिऱ्हाडे ठेवली, भाडे आपापल्या खिशात घेतले, आणि पन्हळ तशीच सामाईक राहिली. गोठलेल्या भाड्याने या रोगाला जोर आणला. मूळ रोग आधीचा होता.

तिसरे, आपत्ती. १९४८ साली गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली आणि त्यात कितीतरी वाडे नष्ट झाले. त्या घरांची कथा पन्हळीची नव्हे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने सातारा जिल्ह्यातल्या जुन्या भिंती हलवल्या. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने तर माझ्या मांडणीला एक अस्वस्थ करणारी पुरवणी जोडली आहे. लातूर-उस्मानाबादकडच्या घरांवर कौले नसत, माळवद असे: लाकडी कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून त्यावर दर एक-दोन वर्षांनी नवी माती टाकून चोपत. म्हणजे तिथे डागडुजी अगदी नेमाने होत होती, आणि नेमाने केल्यामुळेच छप्पर दर पिढीला जड होत गेले. अनघड दगडांच्या, मातीत बांधलेल्या भिंती हलल्या तेव्हा तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. दुरुस्ती झाली की घर वाचते, असे सरसकट विधान म्हणूनच करता येत नाही. दुरुस्ती कोणती, हे छपराच्या जातीवर अवलंबून आहे.

याउलट बाजूचा पुरावा भोर आणि फलटणच्या राजवाड्यांत मिळतो. लाकूड, दगड, चुना यांची परंपरा तीच, पाऊस त्याच भागातला. पण संस्थानिकाचा वारस एकच असे, बाकीच्या भावांना नेमणूक मिळे. पन्हळ कुणाची हा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता, आणि ते वाडे अजून उभे आहेत. कुणी म्हणेल, त्यांच्याकडे पैसाही होता. म्हणून मेणवलीचे उदाहरण अधिक बोलके वाटते. वाईजवळ कृष्णाकाठी नाना फडणविसांनी बांधलेला हा वाडा सहा चौकांचा. नाना १८०० साली वारले तेव्हा मागे मुलगा नव्हता आणि सत्ता दुसऱ्या बाजीरावाच्या हाती गेली होती. पुढे तो वाडा पत्नी जिऊबाईंकडे आला आणि दत्तकाकडून घराणे चालले. ज्या काळात इतर घराण्यांत दोन पिढ्यांत आठ-दहा हिस्सेदार झाले, त्या काळात इथे हातावर मोजता येतील इतकेच राहिले. वाडा टिकला आणि त्यातले प्रसिद्ध दफ्तरही टिकले. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही. घराण्याची कीर्ती, नदीघाट, येणारे पाहुणे यांचाही हातभार असणार. तरी हिस्सेदार थोडे तिथे छप्पर शाबूत, हा मेळ दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

अलीकडे एक आक्षेप कुजबुजत्या आवाजात ऐकू येतो: मुलींना हिस्सा मिळाला आणि वाडे विक्रीला निघाले. हा कालक्रमातच नापास होतो. महाराष्ट्राने मुलींना सहदायाद केले ते १९९४ साली, केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून. पेठांतले वाडे त्याच्या कितीतरी आधी बसायला लागले होते. उलट १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २३ ने राहत्या घराला खास संरक्षण दिले होते. मुलीला हिस्सा मिळाला तरी भावांनी वाटणी करायचे ठरवेपर्यंत तिला ती मागता येत नसे. अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तर राहता येई, इतकेच. २००५ साली ते कलम रद्द झाले. जवळजवळ अर्धशतक ज्या घराच्या निर्णयात मुलींना बोलायला जागा नव्हती, त्या घराच्या पडझडीचे खापर त्यांच्यावर फोडणे सोयीचे असेल, पण खरे नव्हे. परक्यांपासूनही घर राखले होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे हिस्सा विकत घेणाऱ्या परक्याला अविभक्त कुटुंबाच्या घरात घुसून राहण्याचा हक्क नाही. १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे त्याने दावा लावला तर घरच्यांना तो हिस्सा विकत घेता येतो. परक्या माणसाला दिंडी दरवाजाबाहेर ठेवण्याची इतकी तजवीज केली. पाण्याला बाहेर ठेवण्याची कुणी केली नाही.

खणांच्या विभाज्यतेलाही एक शेवट होता, हे इथे मान्य केले पाहिजे. समजा, चोवीस खणांचा वाडा आहे. चार मुलगे, प्रत्येकी सहा खण. घर उत्तम चालते. प्रत्येकाला तीन वारस, प्रत्येकी दोन खण. अवघड, पण चालते, नाहीतरी निम्मे मुंबईत असतात. त्यांनाही तीन-तीन वारस धरले की एकेकाच्या वाट्याला एका खणापेक्षा कमी येते. दोन खांबांमधली जागा आता वाटता येत नाही. जे सांगाड्याचे माप तेच वाटणीचे माप होते, आणि वाटणी त्या मापाखाली उतरली. १८९३ च्या कायद्यात अशा प्रसंगाची सोय आहे: प्रत्यक्ष वाटणी वाजवी रीतीने होण्यासारखी नसेल आणि निम्म्या किंवा अधिक हिश्श्याच्या मालकांनी मागणी केली, तर न्यायालय मिळकत विकून पैसे वाटू शकते. प्रत्यक्षात इतके करण्याचीही गरज पडत नाही. मालमत्ता पत्रकावर छत्तीस नावे, त्यांतली काही वारलेली, काही परदेशी; एखादा बिल्डर ती सगळी गोळा करतो, सह्या घेतो आणि गावठाणातल्या त्या जागेवर चार मजले उठतात.

आणि तिथे एक मजेची गोष्ट घडते. ज्या वारसांच्या आजोबांना एका पन्हळीचा खर्च वाटून घेता आला नाही, तेच त्या इमारतीत फ्लॅट घेऊन दरमहा मेंटेनन्स भरू लागतात. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालच्या गृहनिर्माण सोसायट्यांचे आदर्श उपविधी छप्पर, जिना, पाण्याची टाकी यांना ‘सामाईक’ म्हणून सोडून देत नाहीत. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के दर वर्षी जमा करायला ते लावतात, आणि थकबाकी वसुलीचा मार्गही देतात. सोसायट्यांत भांडणे कमी असतात असे नव्हे. वार्षिक सभा पाहिलेल्या कुणालाही तसे वाटणार नाही. गच्ची गळते तेव्हा वरच्या मजल्याचे आणि खालच्या मजल्याचे जुनेच वाद नव्या तावातावाने होतात. फक्त वाद संपायच्या आधी पैसे जमा झालेले असतात आणि कंत्राटदाराला बोलावण्याचे काम सेक्रेटरीच्या नावावर असते. उभे असलेले वाडे ज्यांना राखायचे आहेत, त्यांना अशीच काही सोय करावी लागेल: कौटुंबिक न्यास, वा पाच किंवा अधिक स्वतंत्र भाग पडत असतील तर १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र, वा निदान नोंदणीकृत वाटणीपत्रात खणांच्या याद्यांनंतर एक जास्तीचे कलम, ज्यात पावसाआधी छपरावर कुणी चढायचे ते वर्षवार नावानिशी लिहिलेले असेल.